इंटरव्हलनंतरचे आबा

आमच्या शेजारच्या आबांनी परवापरवापर्यंत जन्मात एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. इंटरव्हलचे दिवे लागले की ते उठायचे, पँट वर ओढायचे, "चला, ड्यूटी!" म्हणायचे आणि चालू लागायचे. रिटायर होऊन कैक वर्षं झाली, तरी हेच.

त्यांची सगळी नोकरी कोयनानगरच्या वीजघरात गेली. तिथल्या वसाहतीत मैदानावर पडदा बांधून सिनेमा दाखवायचे आणि इंटरव्हलच्या सुमाराला नेमकी आबांची रात्रपाळी लागायची. उरलेला सिनेमा काकी, म्हणजे त्यांची बायको, सकाळी भाकरी थापता थापता सांगायची. काकीने सांगितलेल्या एकाही सिनेमात कुणी मेलं नाही, कुणाची ताटातूट झाली नाही. काकी आता नाही. आबा मात्र अर्ध्यातून उठतच राहिले.

नोकरीतून आणलेली त्यांची दुसरी गोष्ट म्हणजे 'लोड'. "वैनी, लोड सगळीकडं सारखा वाटला पायजे. न्हाईतर ट्रिप हून समदं बंद पडतंय." हे विजेबद्दल असतं तर ठीक. पण पंगतीत एका बाजूला माणसं जास्त दिसली तर आबा दोघांना भरल्या ताटावरून उठवून पलीकडं बसवतात. आमच्या घरच्या बारशाच्या जेवणात त्यांनी माझ्या भावाला असाच हलवला. तो अजून धुसफुसतो.

आमची कॉलनी उंब्रजच्या पुढं, हायवेपासून जरा आत. एका साच्यातली बुटकी घरं, दोन रांगा. आबा तिचे चेअरमन, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं.

मागच्या वर्षी आम्ही सगळे गाडी करून साताऱ्याला सिनेमाला गेलो. सिनेमा आमच्यासारख्याच एका कॉलनीचा होता. सगळी घरं एका रंगाची, सकाळी सगळे फाटकात उभे राहून एकमेकांना नमस्कार करतात, रविवारी संध्याकाळी नवरा-बायको जोडीजोडीनं फिरतात. कुणाच्या घरातून मोठा आवाज म्हणून नाही. इंटरव्हल झाली. आबा ड्यूटीवर गेले, म्हणजे बाहेर ड्रायव्हरबरोबर भजी खात बसले.

आत पुढच्या अर्ध्यात त्या कॉलनीची पार शोभा झाली. एका घरातली लेक नवऱ्याला सोडून माहेरी येते आणि लोक काय म्हणतील म्हणून आई-बाप तिला मागच्या खोलीत लपवून ठेवतात. पुढचं सांगवत नाही. आम्ही बायका डोळे पुसत बाहेर आलो.

आबा गाडीपाशी उजळलेल्या चेहऱ्यानं उभे होते. "काय कॉलनी हाय वैनी! लोड कसा सारखा वाटलाय बघा. आपली बी तशीच करायची!"

त्या वेळी एकानं जरी तोंड उघडलं असतं, तरी पुढचा प्रकार टळला असता. पण जो तो नाक पुसत गाडीत चढला.

आठवडाभरात फतवा निघाला. सगळ्या घरांना क्रीम रंग. माझं फाटक पोपटी होतं, हौसेनं रंगवलेलं. आबांनी स्वतः डबा-ब्रश आणून ते क्रीम करून टाकलं आणि वर मलाच चहा मागितला. अंगणातल्या कपड्यांच्या दोऱ्या मागच्या दारी गेल्या. सकाळी सातला फाटकात नमस्कार. आमचे हे पहिल्या दिवशी बनियनवर सापडले, तेव्हापासून झोपतानाच शर्ट घालतात. रविवारच्या फेरीला मी हसत होते, पण महिनाभर अबोला धरलेलं एक जोडपं आबांच्या धाकानं शेजारी शेजारी चाललं आणि हायवेपर्यंत जाऊन येईतो भांडण मिटवून आलं. आबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आबा, तुम्ही अर्धाच बघितलाय तो सिनेमा," मी एकदा म्हणाले.

"ऱ्हायल्यालं काय बघायचं? चांगलंच हुतंय शेवटी!"

हे सगळं गमतीवारी गेलं असतं, पण आबांची एकुलती लेक वैशाली सांगलीत दिलेली. तिचं नवऱ्याशी पटत नव्हतं, हे कॉलनीला ठाऊक होतं. तिला माहेरी यायचं होतं. बापाजवळ विषय काढला की ते म्हणायचे, "जावयाला घिऊन ये की सणाला." मग ती मला फोन करायची. "ताई, तिथं आता सगळे जोडीजोडीनं चालतात म्हणे. मी एकटी कुठं मावणार?" फोन ठेवला की मला आबांचा मनापासून राग यायचा.

आणि एका रविवारी, ऐन फेरीच्या वेळी, कॉलनीत टेम्पो शिरला. मागं कपाट, शिलाई मशीन, गाद्यांची वळकटी. पुढून वैशाली उतरली. सगळ्या जोड्या जागच्या जागी थांबल्या. आम्ही तो सिनेमा पाहिलेला होता. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं ती मागची खोली आली असणार.

फेरी बघत आबा आपल्या फाटकात उभे होते, वैशाली तिथं आली. आमच्याकडं एकदा बघून खालच्या आवाजात म्हणाली, "आबा, लोक बघतायत. मागच्या दारानं येऊ का?"

आबांचा हात फाटकाच्या कडीवर. मग ते एकदम माझ्याकडं वळले.

"वैनी, त्या शिनमात म्होरं काय झालं वो?"

काकी असती तर तिनं गोड करून सांगितलं असतं. मला नाही जमलं. मी म्हणाले, "लेक परत आली आबा. आई-बापांनी तिला लोकांपासून लपवली. तिचं वाईट झालं शेवटी."

"वैशीच्या आईनं आसं सांगितलं नसतं," आबा पुटपुटले.

वैशालीला रडू फुटलं. "आबा, आई सगळे शेवट बदलून सांगायची तुम्हाला. मी तिच्या मांडीवर बसून बघायचे ना. खरे निराळेच असायचे."

"म्हायती हाय मला," आबा म्हणाले. "पावरहौसात सगळी पोरं सांगायची की खरे शेवट. पर तिचाच बरा वाटायचा. ती गेली, तवापासनं वाटतंय, न बघितल्यालंच बरं."

मी इतकी वर्षं शेजारी राहते. या माणसाला मी खुळा समजत होते.

आबांनी कडी काढली. फाटकाची एक बाजू उघडली, मग दुसरीही, टेम्पो आत यावा इतकी. "म्होरच्या दारानं ये, वैशे. आपल्या घरात मागनं कशाला?" आणि आमच्यावर कडाडले, "बघत काय उभं ऱ्हायलाय? धरा की सामान! एकट्या पोरीनं किती लोड वढायचा?"

जोड्या मोडल्या आणि सगळे टेम्पोकडं धावले. कपाटाला आमचे हे आणि तो अबोलेवाला, मशीनला मी. चहाला माझ्याच घरी सगळे आले.

आता वैशालीचं शिवणकाम पुढच्या खोलीत चालतं, तिच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या पुढच्या अंगणात आहेत आणि माझं फाटक पुन्हा पोपटी झालंय. नमस्कार मात्र सातलाच. तो मोडावासा कुणालाच वाटला नाही.

परवा आम्ही पुन्हा सिनेमाला गेलो. इंटरव्हल झाली, आबा उठले, पँट वर ओढली. "चला, ड्यू…" वैशालीनं त्यांची बाही धरली. आबा घुटमळले आणि खाली बसले. शेवटी नायकाची म्हातारी आई जाते. अंधारात आबांचं नाक ओढणं मला ऐकू येत होतं.

माझ्या सासूबाईंना चालवत नाही, त्या घरीच होत्या. दुसऱ्या दिवशी आबा त्यांच्या खाटेशी बसून सिनेमा सांगत होते. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत ऐकत होते.

"आणि मग वो आबा? त्या आईचं काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"तिला काय हुतंय?" आबा म्हणाले. "लेकानं घरी आणली. लय मजेत हाय आता."

मी तव्यावरची भाकरी उलटली आणि पुढची थापायला घेतली.