भिंतीपलीकडचा राजमा

सोमवारी सकाळी ओडालीने राजम्याचं पातेलं मंद आचेवर चढवलं आणि सवयीने कान भिंतीला लावला. पलीकडे धाकटी बहीण सेलेस्टीन राहत होती. घर आईचं, एकच. मधे लाकडी भिंत. राजमा पळीने चेचून दाट करायचा की अख्खा ठेवायचा, यावरून आईला पुरून आल्या दिवशीच दोघींचं वाजलं होतं. त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून अबोला.

न्यू ऑर्लिन्सच्या त्या गल्लीत सोमवार धुण्याचा. बायकांचे हात साबणात, म्हणून रविवारच्या मांसातलं हाड राजम्यात टाकायचं आणि पातेलं आपलं आपण रटरटत ठेवायचं. पण आज बारा वर्षांनी भाऊ नार्सिस बोटीवरून घरी येत होता. दोघींत मिळून एकच पत्र आलं होतं, एकीने वाचून दुसरीच्या दाराखालून सरकवलेलं : ‘सोमवारी राजमा-भाताला येतो.’ दोघींच्या अबोल्याची खबर त्याला होतीच; कुणाच्या टेबलावर, ते लबाडाने लिहिलंच नव्हतं.

चादरी वाळत घालून ओडाली पुन्हा भिंतीशी आली. पलीकडून कांदा परतल्याचा वास नाही, झाकणाचा आवाज नाही. “ही करतेय तरी काय?” असं म्हणत ती ऐकत राहिली, ती इतका वेळ की तिच्याच स्वयंपाकघरात धूर झाला.

भिंतीवर धाडधाड थापा पडल्या. “ताई! करपलं तुझं! तळाला पळी लावू नकोस, वरचं तेवढं दुसऱ्या भांड्यात काढ!”

“मला शिकवू नकोस!” ओडाली ओरडली आणि निव्वळ हट्टाने पळी थेट तळापर्यंत घातली. सगळं पातेलं काळपट झालं.

मागच्या दाराने सेलेस्टीन आत आली. हातात स्वतःचं पातेलं.

“तुझं तरी झालं ना?” ओडालीने विचारलं.

“गोट्या आहेत नुसत्या. काल भिजत घालायचा राहिला.”

“राहिला? तुझा?”

“पत्र वाचत बसले होते,” सेलेस्टीन पुटपुटली. “सारखं तेच.”

मग दोन्ही पातेली एक झाली. आच मोठी केली, हाड नवं पडलं. सेलेस्टीन न सांगता कडेला राजमा चेचू लागली, तेव्हा ओडालीच म्हणाली, “थोडा अख्खा राहू दे गं.”

दोनच्या सुमाराला नार्सिस आला. दोघी एका चुलीपाशी बघून दारातच थबकला. बसला, पण ताटलीला हात लावेना.

“घे ना रे.”

“कोपऱ्यावरच्या खानावळीत दोन ताटल्या खाऊन आलोय,” तो मान खाली घालून म्हणाला. “एकीकडे जेवलो असतो तर दुसरी रुसली असती.”

“बारा वर्षांनी येतोस, आणि बाहेर जेवून?” दोघी एकदम कडाडल्या. अगदी आईचा आवाज. तिसरी ताटली त्याने मुकाट्याने उचलली.

“जरासा करपलाय.”

“गप जेव!”

पुढच्या रविवारी, दिवेलागणीला, भिंतीवर टकटक झाली.

“ताई, राजमा भिजत घातलास?”

“घातलाय. दोघींचा.”

“चेचायचा की अख्खा?”



“तू ये तर खरी,” ओडाली म्हणाली. “मग भांडू.”