चिठ्ठीशिवाय पंक्चर नाही

गावात अकरा दुकाने होती आणि एकाही दुकानाला पुरेशी गिऱ्हाइके नव्हती. परिस्थिती गंभीर असल्याने दुकानदारांनी एकत्र येऊन परस्पर सहकार्य मंडळ स्थापन केले. त्यानंतर गावात अकरा दुकाने आणि एक मंडळ झाले.

मंडळाची सर्वाधिक गरज सायकलवाल्याला होती. जागामालकाने त्याला स्पष्टच सांगितले होते, "महिनाअखेरपर्यंत दुकानात वर्दळ दिसली तर राहा. नाहीतर जागा सोड. माझ्या घराखाली मरगळलेलं दुकान नको."

अध्यक्षपदी हार्डवेअरवाले भाऊ बिनविरोध निवडून आले, कारण बैठकीला पुरतील इतक्या खुर्च्या त्यांच्याकडेच होत्या. पहिल्याच बैठकीत ठरले, की प्रत्येक सदस्याने आपल्या गिऱ्हाइकाला चिठ्ठी देऊन दुसऱ्या सदस्याकडे पाठवायचे. जितक्या चिठ्ठ्या, तितके सहकार्य. बैठक रोज सकाळी दहा ते बारा, हजेरी सक्तीची.

"पण भाऊ, गिऱ्हाईक यायची वेळ तीच आहे," सायकलवाला म्हणाला.

"दुकानात बसून राहिलास तर धंदा वाढवणार कधी?"

मुद्दा बिनतोड असल्याने तो इतिवृत्तात नोंदवण्यात आला.

पहिल्या आठवड्यात चारच चिठ्ठ्या जमल्या. कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या उपसमितीला आढळले, की गिऱ्हाइके थेट दुकानात येतात. थेट आलेले गिऱ्हाईक कोणाच्याही सहकार्याविना आलेले असते. म्हणजे मंडळाच्या दृष्टीने ते आलेलेच नसते. तेव्हा चिठ्ठीशिवाय कोणाचेही काम करू नये, असा ठराव झाला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी एक निवृत्त मास्तर सायकल ढकलत आले.

"पंक्चर काढ रे. पाच वाजता नातीला शाळेतून आणायचंय."

"चिठ्ठी आणलीत, मास्तर?"

"हवा चाकातली गेलीय, माझी तब्येत नाही बिघडलेली!"

"तशी नाही हो. सलूनवाल्याकडून आणा. लगेच देईल."

सलूनवाल्याने अडचण सांगितली. चिठ्ठी फक्त स्वतःच्या गिऱ्हाइकालाच देता येत होती. मास्तरांना पूर्ण टक्कल होते.

"मिशी आहे ना," सलूनवाला धीर देत म्हणाला. "पण त्यासाठी टेलरची चिठ्ठी लागेल."

टेलरला फोटोवाल्याची चिठ्ठी हवी होती. फोटोवाल्याला भाऊंची. भाऊंना मात्र अध्यक्ष या नात्याने चिठ्ठीशिवाय गिऱ्हाईक घेण्याचा विशेषाधिकार होता. त्यांच्याकडे फक्त काहीतरी विकत घ्यावे लागे.

साडेपाच वाजता मास्तर परतले, तेव्हा त्यांच्याजवळ एक कडीकोयंडा, पासपोर्ट आकाराचे आठ फोटो, पायजम्याच्या मापाची पावती आणि सायकलवाल्याच्या नावाची रीतसर चिठ्ठी होती. मिशी नव्हती. नात एकटीच शाळेतून चालत आली होती. तिने आजोबांना आवाजावरून ओळखले.

सायकलवाला दुकानात नव्हता. एकाच गिऱ्हाइकामागे चार चिठ्ठ्या निघाल्याबद्दल अभिनंदनाची तातडीची बैठक लागली होती.

मास्तरांनी हा अनुभव गावभर सांगितला. उरलीसुरली गिऱ्हाइके शेजारच्या गावी जाऊ लागली. मंडळाचे काम त्यामुळे सोपे झाले. गिऱ्हाइकांचा व्यत्यय संपल्यावर सदस्य एकमेकांच्या दुकानांत जाऊन चिठ्ठ्यांची देवाणघेवाण करू लागले. महिनाअखेर आकडा नऊशेवर गेला.

सायकलवाल्याची बायको थेट बैठकीत येऊन उभी राहिली.

"भावोजी, यांच्याकडे चाळीस चिठ्ठ्या आल्यात. पंक्चर एकही नाही. तुमची स्वतःची मोटारसायकल कुठे दुरुस्त करता हो?"

"शहरात, वहिनी," भाऊ प्रामाणिकपणे म्हणाले. "तिथे काम चांगलं होतं. पण चिठ्ठी मी दुसऱ्या कोणाला दिली का? यांनाच दिली ना?"

"आणि तुमचा शर्ट?" तिने सलूनवाल्याला विचारले.

"मोबाइलवरून मागवला. टेलरशेठनीच लिंक पाठवली होती."

टेलरने मान खाली घातली. त्याचे केसही शहरातच कापलेले होते.

त्याच दिवशी जागामालक खाली आला. महिनाभर तो खिडकीतून पाहत होता आणि वर्दळ त्याला नक्कीच दिसली होती. हातात चिठ्ठ्या घेऊन माणसे सारखी ये-जा करत होती. मात्र त्यांतल्या एकाकडेही सायकल नव्हती. त्याने योग्य तो निष्कर्ष काढला. वर्दळ सायकलवाल्याची नव्हती, मंडळाची होती. त्याने जागा मंडळाला दिली.

तिथे लघुव्यवसाय आधार केंद्र उघडायचे ठरले. हवा भरायचा पंप आणि जुनी टायरे बाहेर काढून खुर्च्या आत लावल्या.

"मग मी कुठे बसू, भाऊ?" सायकलवाल्याने विचारले.

"पहिल्या रांगेत. उद्घाटनाला तुझाच सत्कार आहे."

"अहो, घरी चला," बायको म्हणाली. पण तो बसला. सत्काराला हजेरी सक्तीची होती.

या दुकानाबद्दल गावात खूपच हळहळ व्यक्त होत असल्याने केंद्राने पहिल्याच दिवशी एक नवी नोंदवही सुरू केली आहे. लहान दुकानदार जगला पाहिजे असे मनापासून वाटणाऱ्यांची नावे तीत लिहिली जातात. इथपर्यंत वाचताना तुम्हालाही तसे वाटले असल्यास तुमचे नाव लिहून घेतले आहे. तुम्ही यायची गरज नाही. तसे कोणीच येत नाही.