हिऱ्याचं तोरण आणि धुरपीची तीन पानं

मुलांनो, मनात जरा एक चावडी उभी करा. पांझरेच्या काठच्या आमच्या गावातली. ओट्यावर घोंगडी, घोंगडीवर पत्त्यांचा जोड, दोन बाजूंना चिंचोक्यांचे दोन ढीग, आणि भोवती सगळं गाव पंगतीला बसल्यासारखं. आता त्या घोंगडीवर एका बाजूला मला बसवा. माझं वय कमी करा, पोटही कमी करा. झाला तिशीतला गिरधर. तीन पत्ती खेळण्यात धुळ्यापासून अमळनेरपर्यंत माझ्या तोडीचा माणूस नाही, असं माझं स्पष्ट मत होतं. इतरांचं मत मी कधी विचारलं नाही.

गोष्ट त्रेपन्न सालची. पोळ्याला आमच्या वेशीत तोरण बांधतात, आणि मानकऱ्याचा बैल ते पहिला तोडतो. पण मानकऱ्यांचं घर त्या वर्षी गाव सोडून सुरतेला गेलं. वरची आळी म्हणाली, मान आमचा. खालची म्हणाली, आमचा. गोष्ट काठ्यांवर आली, तेव्हा गावातले सर्वांत वयस्कर भिकनआबा म्हणाले, "डोकी फोडण्यापेक्षा आठमले पत्ता खेळा."

गोकुळाष्टमीला आमच्याकडे पत्ते निघतातच. त्यामुळे सगळ्यांना पटलं. दोन्ही आळ्यांना सारखे चिंचोके द्यायचे. धुळ्याची दुपारची मोटार आली की खेळ बंद. ज्याचा ढीग मोठा, त्याचा बैल पहिला. वरच्या आळीनं तोताराम निवडला. खालच्या आळीनं अर्थातच मला.

बैल आमच्या घरचाच जाणार होता. त्याचं नाव हिऱ्या. तो जन्मला आणि गाय गेली. माझ्या भावाची मुलगी धुरपी, दहा वर्षांची, तिनं त्याला दुधाचा बोळा चोखवून वाढवला होता. त्याचा हा पहिलाच पोळा.

"नाना, हिऱ्याच पहिला ना?" ती रोज विचारी.

"तोडलंच समज तोरण," मी म्हणे.

सरावाला कोणीतरी हवं म्हणून मी तिला खेळ शिकवला. शिकवायला मला फार आवडतं. तीन पानं मिळतात, ती कोणाला दाखवायची नाहीत. चांगली असली तर चिंचोके पुढे सरकवायचे. वाईट असली तर निमूट खाली टाकायची, लाजायचं नाही. आणि समोरच्याला घाबरवायचं असेल तर वाईट पानांवरही सरकवायचे, पण क्वचित, नाहीतर कोणी भीत नाही. पानांपेक्षा समोरच्या माणसाकडे बघायचं. हे सगळं मी फार सुंदर समजावून सांगितलं. त्यानंतर ती मला रोज हरवायला लागली.

"हे कसं गं जमतं तुला?"

"नाना, चांगली पानं आली की तुमच्या मिशीचं डावं टोक वर जातं."

मी आरशात पाहिलं. खरंच जात होतं. दाबलं तर उजवं वर येई. मिशी काढावी तर वडील जिवंत असताना मिशी काढल्याबद्दल गाव काय बोललं असतं! शेवटी मला उपाय सापडला. आठमच्या सकाळी मी हनुवटीपासून नाकापर्यंत पंचा गुंडाळला, डोक्यावर गाठ मारली आणि दगडासारखा चेहरा घेऊन निघालो.

दारातच शेजारच्या झुंबरअक्का भेटल्या. "काय रे गिरधर, दाढ दुखस का?"

खरं सांगितलं असतं तर ते माझ्याआधी तोतारामकडे पोचलं असतं. मी होकाराची मान डोलावली.

झुंबरअक्कांनी लवंग आणली. पुढच्या घरातून हिंग आला. त्यापुढच्या घरातून कापूर. नको म्हणावं तर तोंडात आधीच लवंग. चावडीशी पोचेपर्यंत माझ्या तोंडात किराणा दुकान भरलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पाहून सगळ्यांची खात्रीच पटली. कोणीतरी उखर्डू न्हाव्याला हाक मारली. तो सांडशी घेऊनच आला.

"धरा याले."

चौघांनी मला धरलं. मी जिवाच्या आकांतानं नाही नाही म्हणून मान हलवत राहिलो.

"हाईच का?" त्यानं एका दाढेवर सांडशी टेकवली. मी आणखी जोरात हलवली.

"हाईच शे," उखर्डू म्हणाला.

दाढ बाहेर आली. पांढरीशुभ्र, मुळासकट. उखर्डूनं ती उन्हात धरून पाहिली आणि म्हणाला, "चांगली व्हती की. पण आते निघी गई."

माझ्या तोंडात कापूस कोंबला. बोलणं बंद, डोळ्यांपुढे काजवे. पत्त्यातला राजा मला दोन डोक्यांचा दिसायला लागला. तो दोन डोक्यांचाच असतो हे नंतर आठवलं. भिकनआबांनी माझी अवस्था पाहिली आणि निकाल दिला, "घरचं कोणीबी बसू द्या."

धुरपी फ्रॉक सावरून घोंगडीवर बसली.

तोताराम हसला. "पोरी, घर जाय, बाहुली खेळ."

धुरपीनं पानं उचलली, पाहिली, खाली टाकली. पुन्हा उचलली, पुन्हा टाकली. प्रत्येक डावाला एकेक चिंचोका जात होता. खूप वेळानं एकदा ती खेळली, तेव्हा तिच्याकडे तीन दश्श्या निघाल्या. पुन्हा टाकणं सुरू. मग एकदा खेळली, तर एकाच रंगाची तीन ओळीनं. खालची आळी कपाळ बडवत होती. मीही आधी बडवलं. पण मग माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं. ती पानांकडे बघतच नव्हती. ती तोतारामकडे बघत होती, हिऱ्या पाणी पितो का हे बघावं तितक्या शांतपणे.

मग मलाही दिसायला लागलं. पानं चांगली असली की तोताराम गप्प बसे. वाईट असली की त्याला थट्टा सुचे. इतकी वर्षं मी त्याच्याशी खेळलो होतो, आणि हे मला दिसलं नव्हतं. कापसानं भरलेलं माझं तोंड आपोआप उघडं राहिलं.

वळणावर मोटारीचा भोंगा वाजला. शेवटचा डाव. तोतारामचा ढीग मोठा होता.

त्यानं पानं पाहिली आणि मूठभर चिंचोके पुढे सारले. "काय व धुरपे, तुना बैल झोपना का?"

धुरपीनं पानं पाहिली. चेहऱ्यावर काही नाही. तिनंही मूठभर सारले.

"तोरणनी काळजी नको करू, तुले वासरासंगे मांगे उभं करसूत." तोतारामनं ओंजळभर सारले.

धुरपीनं दोन्ही हातांनी आपला सगळा ढीग पुढे लोटला.

तोताराम त्या ढिगाकडे बघत राहिला. सकाळपासून ही पोर दोनदाच खेळली होती, आणि दोन्ही वेळा तिच्याकडे भारी पानं निघाली होती. मोटार पारापाशी येऊन थांबली. त्यानं पानं खाली टाकली.

खालच्या आळीनं टोप्या उडवल्या. तोतारामनं पुढे सारलेले चिंचोकेही धुरपीचे झाले, आणि तिचा ढीग मोठा झाला होता. वेशीत हिऱ्याच पहिला जाणार होता.

"पोरी," तोताराम म्हणाला, "एक सांग. व्हतं काय तुनाकडे?"

सगळे पुढे वाकले. सगळ्यांत पुढे मी. कापूस थुंकून मी त्या तीन पानांकडे हात नेला.

धुरपीनं पानं माझ्या हाताखालून ओढली, जोडात घातली, जोड नीट पिसला, तोतारामच्या हातात दिला आणि हिऱ्याला पाणी पाजायला पळाली.