कीबोर्डच्या पिनेचं उद्घाटन

२००३ सालच्या जून महिन्यात सिंदी रेल्वेच्या आमच्या शेतकरी सहकारी संस्थेत नवा संगणक आला आणि त्याच्या पाठीमागचं कीबोर्डचं भोक लहान निघालं. बाब गंभीर होती, कारण संस्थेचा कीबोर्ड १९९३ सालचा असून त्याची पीन अंगठ्याएवढी जाड होती.

नव्या संगणकासोबत नवा कीबोर्डही आला होता. तो खोक्यात होता.

"तो लावू का, भैय्याजी?" ऑपरेटर वर्षालीनं विचारलं.

"अन् याचं उद्घाटन माह्या हातानं झालं, त्याचं काय?" अध्यक्ष भैय्याजी म्हणाले. "मी खुर्चीवर हाओ तोवर हा कीबोर्ड हालनार नाई."

उद्घाटनाच्या दिवशी भैय्याजींनी दाबलेलं बटण कुंकू लावून राखीव ठेवलेलं होतं. बाकीच्या बटणांवर टायपिंगला परवानगी होती.

बाकावर रूपराव बसले होते. त्यांच्या मुलीला, रक्षाला, कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळत होता. वडील संस्थेचे सभासद असल्याचा दाखला तेवढा उद्या दुपारपर्यंत हवा होता.

"हातानं लिहून दे ना, पोरी," ते म्हणाले.

"नाई देता येत, काका. दाखला संगणकावरच काढाचा, असा ठराव हाय."

"कोन्या बयताडानं केला असा ठराव?"

वर्षालीनं समोरची ठरावांची वही हळूच मिटली.

शेवटी वर्ध्याहून जोडपीन मागवली. एका बाजूनं जाड पीन आत घ्यायची, दुसऱ्या बाजूनं बारीक होऊन संगणकात शिरायचं, असं तिचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती आली. रूपराव उठून उभे राहिले. वर्षाली ती लावणार, तोच भैय्याजी ओरडले, "थांब! नारळ कुठं हाय?"

नारळ आला. दारात फोडायचा म्हटलं, तर पीन मागं आणि नारळ दारात हे भैय्याजींना विसंगत वाटलं. जोडणीचा नारळ जोडणीच्या जागीच फोडण्यात आला. पाणी भरपूर निघालं. संगणक एकदाच खरखरला आणि गेला.

"पाह्यलं?" कीबोर्ड पुसत भैय्याजी म्हणाले. "याले काई झालं? नव्या मालात दमच नाई!"

रक्षाची जागा गेली. पोरगी हुशार होती, मला फार वाईट वाटलं. वार्षिक सभेत मी तसं बोलणारही होतो.

सभेत दोन ठराव आले: कीबोर्डचा शाल देऊन सत्कार करावा आणि यापुढे संगणक त्याच्या मापाचाच घ्यावा. रूपराव तावातावानं उठले. तेवढ्यात आलूबोंडे आले. एका हातात बशी घेऊन त्यांनी दुसरा हात वर केला. दाखल्याच्या ठरावालाही त्यांनी अशाच वेळी अनुमोदन दिलं होतं.

दोन्ही ठराव एकमतानं मंजूर झाले. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. आणि तुम्ही हसू नका. माझ्या शेजारी बसून, हात वर ठेवूनच, आणखी एक आलूबोंडा मागणारे तुम्हीच होतात.