दुपारी घेतलेला प्लॉट

जमिनीच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही! ही फुशारकी नाही, नोकरीचा दाखला आहे. मोजणी खात्यात मी एकतीस वर्षं काढली. वीतभर बांधावरून एकमेकांच्या उरावर बसलेले सख्खे भाऊ माझ्या टेपने शांत केले. एकदा सासऱ्यांचं अंगण दोन फूट शेजाऱ्याच्या हद्दीत निघालं, तर मी तेही शेजाऱ्याला देऊन टाकलं. त्यानंतर सासरे अकरा वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. पण मोजणी चुकली, असंही कधी म्हणाले नाहीत!

तेव्हा निवृत्त झाल्यावर मी जाहीर केलं, की आपण बेटावर जागा घ्यायची. दूर, समुद्रात, नारळांच्या देशात! दोन खोल्या बांधायच्या. एक आपल्याला, एक पर्यटकांना भाड्याने. आयुष्यभराची पुंजी त्यात घालायची आणि उरलेलं आयुष्य पाय पसरून बसायचं.

आमच्या हिची एकच अट होती.

"अहो, लग्न झाल्यापासून माझ्या स्वयंपाकघराची खिडकी शेजाऱ्यांच्या सांडपाण्याच्या पाइपासमोर उघडते. आता मला खिडकीतून चांगलं पाणी दिसलं पाहिजे."

"चांगलं? अगं, जगातलं सगळ्यात मोठं दाखवतो!"

आम्ही दोघंही कोरड्या मुलखातली माणसं. पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर टँकर येतो. विमानातून उतरलो, गाडीत बसलो, नारळाच्या झाडांमधून एक वळण घेतलं आणि समोर समुद्र! मी बोलायचाच थांबलो. ही गोष्ट इतकी दुर्मिळ, की हिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

काय सांगू तुम्हाला! डावीकडे बघावं तर संपत नाही, उजवीकडे बघावं तर संपत नाही. निळा, हिरवा, मध्येच चांदीसारखा. एवढं मोठं क्षेत्र आणि कुठे एक हद्दीचा दगड नाही! एकतीस वर्षांत पहिल्यांदाच वाटलं, की हे आपल्या टेपचं काम नव्हे. छाती भरून आली. हिने तर गाडीतच चप्पल काढली.

जागा दाखवणाऱ्या एजंटबाई साठीच्या घरातल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला वरच्या अंगाला नेलं. झाडांमागे उंचवट्यावर एक जागा होती. बरी होती. पण लहान, दगडांची, आणि समुद्र तिथून खाली, बराच लांब.

"आणि ती?" मी खाली बोट दाखवलं.

खाली काय जागा होती! सपाट. तळहातासारखी! वाळूची, मोकळी, थेट पाण्यापर्यंत गेलेली. एक झाड नाही, गवताची काडी नाही.

"ती होड्या लावायची जागा आहे," एजंटबाई म्हणाल्या. "विकायला निघते अधूनमधून. पण घराला वरचीच घ्या."

मी मनातल्या मनात हसलो. चांगला माल दडवून ठेवायचा आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात दगड बांधायचे! अशा शंभर बायका माझ्या कार्यालयात येऊन गेल्या होत्या. मी खाली उतरलो. पायाने माती उकरली. चार बोटांवर ओल!

"बघितलंस?" मी हिच्या कानात कुजबुजलो. "पाणी केवढं वर आहे इथे! विहिरीचा खर्च वाचला."

"पण मग होड्या एवढ्या वर, झाडांना का बांधल्यात?"

"आळस! पाण्यापर्यंत ओढत न्यायला नको म्हणून."

"आणि इथली घरं खांबांवर का?"

"उंदीर गं!"

एजंटबाई काहीतरी सांगायला पुढे झाल्या. मी हात वर केला. "बाई, जमिनीबद्दल मला सांगू नका. मी मोजणी खात्यातला आहे."

"मग संध्याकाळी पुन्हा येऊन बघा," त्या म्हणाल्या. "मग ठरवा."

संध्याकाळी म्हणजे दुसरं गिऱ्हाईक आल्यावर! मी कसला थांबतोय? टेप काढला, खुंट्या ठोकल्या. कागदावर लिहिल्यापेक्षा जागा तब्बल चाळीस मीटर लांब भरली! समुद्राच्या बाजूला नुसती सांडली होती. या लोकांना साधी मोजणी येत नाही, मला अक्षरशः कीव आली. मी चकार शब्द काढला नाही.

दुपारी दीड वाजता नोंदणी कार्यालयात माझी सही झाली. तिथल्या कारकुनाने कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "वाचून घ्या." मी तोवर त्याला नकाशातला उत्तरेचा बाण कसा काढावा हे समजावत होतो. बाण समजावून होईपर्यंत पुंजीचा ड्राफ्ट त्याच्या तिजोरीत गेलाही होता.

मग आम्ही आमच्या जागेवर आलो. आमच्या! मी दुकानातून चुना आणला आणि वाळूवर घर आखलं. समुद्राकडे बेडरूम, मग पाहुण्यांची खोली, मग स्वयंपाकघर, झाडांकडे हॉल. हिने स्वयंपाकघरात उभं राहून हवेतच खिडकी उघडली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. तिचा चेहरा पाहून मला भरून आलं. मी हॉलमध्ये चटई टाकली आणि मालकाच्या झोपेने झोपलो.

"अहो! उठा! बेडरूम कुठे गेली?"

"असेल तिथेच."

"नाही! बेडरूम गेली. आता पाहुण्यांची खोली चाललीय!"

मी डोळे चोळत बसलो. खरंच! चुन्याची बेडरूम दिसेना. तिथे पाणी होतं. तसं भरती-ओहोटीबद्दल मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेत पाच गुणांचा प्रश्न होता, मला साडेचार मिळाले होते. पण पुस्तकातली भरती बोटभर होती हो! ही तर उंबऱ्याशी येऊन ठेपली होती.

मी धावत पुढे गेलो आणि दोन्ही हात पसरून ओरडलो, "थांब! ही खाजगी जागा आहे!"

समुद्र काही थांबला नाही. तो घाईही करत नव्हता, आवाजही करत नव्हता. नुसता येत होता. एक घोटा, एक पोटरी, एक गुडघा. माझ्या खुंट्या एकेक करून उपटल्या गेल्या आणि तरंगत हॉलमध्ये आल्या. चटई गेली. ते चाळीस मीटर, ज्यांच्याबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता, ते सगळेच्या सगळे त्याने परत घेतले. वर आणखी वीस घेतले! मला भीती वाटायला हवी होती. पण आभाळ केशरी झालं होतं, तेच खाली पाण्यातही उतरलं होतं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध मी एक मोजणीदार, हातात ओला टेप! इतकं लहान आणि इतकं थक्क मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

मग पुंजी आठवली आणि मी हिच्याकडे वळलो.

"सगळं गेलं गं," मी म्हणालो. "एकतीस वर्षं गेली. मी सही केली."

ही जागची हललीच नव्हती. गुडघाभर पाण्यात, स्वयंपाकघर होतं तिथेच उभी.

"इकडे या आधी. मासे आलेत स्वयंपाकघरात."

खरोखर आले होते! बोटभर लांबीचे, पारदर्शक, तिच्या पायांना वळसा घालून शिस्तीत हॉलकडे चालले होते. आम्ही दोघं तोंडाचा आ करून बघत राहिलो. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "पाणी खिडकीतून दिसायला हवं म्हणाले होते मी. ओट्यावर नव्हे!" आणि हसता हसता रडायला लागली. मला तर नुसतंच रडू आलं.

काठावर एजंटबाई उभ्या होत्या. हातात दोन कोरडे टॉवेल, नीट घडी घातलेले. म्हणजे त्या घरूनच घेऊन निघाल्या होत्या!

"चला," त्या म्हणाल्या. "कार्यालय उघडं आहे अजून."

कारकुनाने तोच कागद पुन्हा पुढे ठेवला. सहीचे दोन चौकोन होते. एकात माझी झोकदार सही, दुसरा कोरा.

"दुपारची सही ओहोटीची," तो म्हणाला. "आता भरतीची करा, नाहीतर आधीची खोडा. दोन्ही पाणी पाहिल्याशिवाय इथे किनाऱ्याची जागा कोणाच्या नावावर होत नाही. पहिल्याच ओळीत लिहिलंय."

पहिल्याच ओळीत! मी ती सही इतक्या जोरात खोडली, की कागद फाटला. ड्राफ्ट तिजोरीतून तसाच बाहेर आला. मला कारकुनाच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण मी कमरेपर्यंत ओला होतो.

"मग वरची जागा?" एजंटबाईंनी विचारलं. "मोजून घेणार?"

"नको," मी म्हणालो. "हिला नुसती तिथे उभी करा. पाणी दिसलं की झालं."

"दिसेल. आणि तिथेच राहील," त्या म्हणाल्या.

निघणार तेवढ्यात कारकुनाने एक जाडजूड नोंदवही उघडली. "खोडलेल्या सहीचा शेरा लागतो. भरती कुठून पाहिली?"

मी छताकडे बघायला लागलो.

"स्वयंपाकघरातून," ही म्हणाली.

कारकून जराही हसला नाही. त्याने तसं लिहून घेतलं आणि वही माझ्याकडे फिरवली. मी सही करता करता वरच्या ओळी वाचल्या. आमच्या आधी कोणी एक बांधकाम इंजिनिअर होते, त्यांनी 'हॉलमधून' पाहिली होती. त्यांच्याही आधीचे एक बँक मॅनेजर. त्यांनी 'झोपेतून'.

मी त्यांच्या खाली मुकाट्याने सही केली. व्यवसायाच्या रकान्यात मात्र लिहिलं, 'गृहस्थ.'