दांडीवरचं वजन

देवरावमामांच्या घरी गेलं की ते ‘बस’ म्हणत नाहीत. आधी वजन विचारतात.

माणूस अजून उंबऱ्याशी चप्पल काढत असतो आणि आतून आवाज येतो, “किती भरते?” नवा पाहुणा गोंधळतो, काहीतरी आकडा सांगतो. मामा त्याला वरून खालपर्यंत पाहतात, आकडा मनातल्या मनात दुरुस्त करतात आणि मग जागा नेमून देतात. जड माणूस दाराकडच्या बाकावर, हलका मागच्या भिंतीशी. शेजारच्या पोरीला पाहायला आलेली मंडळी घरात मावेनात, म्हणून मामांच्या बैठकीत बसवली होती. मामांनी नवऱ्या मुलाच्या आत्याला दोनदा उठवून पुढे सरकवलं. लग्न जमलं. आत्या मात्र अजून बोलत नाही.

शेलूबाजारात आमचं आणि मामांचं घर भिंतीला भिंत लावून आहे. मामा एसटीत ड्रायव्हर होते. लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, जिला अख्खी वस्ती बाई म्हणते. एसटी सुटली तरी मामांच्या डोक्यातली गाडी काही सुटली नाही. जगात जे काही चालतं ते कुठेतरी जोडलेलं असतं, आणि जिथे जोडलेलं असतं तिथे बरोबर वजन पडायला हवं, असा त्यांचा सिद्धांत. “शंभरातले दहा-पंधरा दांडीवर. कमी नाई, जास्त नाई.” दांडी म्हणजे ट्रॉली पुढच्या गाडीला जिने जोडतात ती. हे वाक्य ते ट्रॉलीबद्दल म्हणतात, संसाराबद्दल म्हणतात, आणि वरणातल्या तिखटाबद्दलही म्हणतात.

जयंतीला विहारात मी भाषण केलं होतं. मी चळवळीच्या पुस्तिका वाचत वाढलेली मुलगी. शिक्षणावर बोलले, जमिनीवर बोलले, गावातल्या पाण्याच्या वाटपावर नावं न घेता पण सगळ्यांना कळेल असं बोलले. टाळ्या पडल्या. खाली उतरले तर मामा उभे.

“पोरी, भाषण उलार झालं तुह्यं.”

बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त ओझं पडलं की पुढची दांडी वर उचलली जाते, त्याला उलार म्हणतात. मी चिडून म्हटलं, भाषणाचा आणि गाडीचा काय संबंध? मामा शांतपणे म्हणाले, “सारा माल शेवटी भरला तू. मंग ते डोलनारच.” घरी जाऊन मी भाषणाचा कागद पुन्हा वाचला. अन्यायाच्या तिन्ही गोष्टी शेवटच्या पानावर होत्या. हे मी कोणाला सांगितलं नाही.

मामांचं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे घरगाडी. रफिकभाई म्हणून आमच्याकडे एक वेल्डर आहेत, त्यांची स्वतःची जीपही आहे. मामांनी त्यांच्याकडून जुन्या ट्रॉलीच्या दोन चाकांवर पत्र्याची खोली बांधून घेतली. आत एक बाज, एक खिडकी, पंखा, पाण्याचा कॅन, छोटा गॅस, आणि पुढच्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. ही खोली जीपच्या मागे हुकाला जोडायची आणि ओढायची. वस्तीतले लोक तिला फिरता बंगला म्हणायचे. वर्षभर ती मामांच्या दारातून हलली नव्हती, तरी फिरता.

ती होती बाईंसाठी. बाईंचा खुबा मोडला तेव्हापासून त्यांना बसवत नाही, फक्त पडून राहता येतं. एसटीचा प्रवास गेला, जीपचा गेला, सगळं गेलं. आणि बाईंना पुन्हा एकदा दीक्षाभूमीवर जायचं होतं. पहिल्या खेपेला, बाबासाहेबांच्या दीक्षेच्या वेळी, त्या गेल्या तेव्हा दहा-बारा वर्षांच्या होत्या, आणि त्या सगळ्या गर्दीत आईच्या डोक्यावर गाठोडं असल्यामुळे तान्हे मामा बाईंच्या कडेवर होते. ही गोष्ट बाई सांगायच्या ती एकाच अंगाने. बाकी काही नाही, हा लय जड होता.

चालत्या खोलीत माणूस बसवणं नियमात बसतं का, असं मी मामांना विचारलं होतं. मामा म्हणाले, “बसवतो कुठं? झोपवतो.”

तर घरगाडीच्या दांडीवर किती वजन पडतं, हे मामा दर महिन्याला मोजायचे. बाजारातल्या अडत्याचा पोती मोजायचा काटा मागून आणायचे. दांडी जॅकवर उचलायची, खाली काटा सरकवायचा, वर लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि जॅक हळूहळू सोडायचा. बाई आत बाजेवर पडलेल्याच हव्यात, कारण त्या नसताना घेतलेलं माप खोटं. बाई आतून ओरडायच्या, “मले इकायले काढलं का रे बजारात?”

मला यातलं काही कळायचं नाही. मी विचारलं, जीपवर ओझं कमी पडलं तर चांगलंच ना?

“नाई. मांगं जड झालं का गाडी शेपूट हालवते. मंग ते शेपूट जीपले घेऊन जाते.”

“मग पुढे भरपूर ठेवा.”

“मंग जीपचं नाक वर होते. समोरची चाकं रस्ता सोडते. स्टेअरिंग फिरवतं तू, अन जीप जाते तिच्या मनानं.”

“म्हणजे जड बरं की हलकं?”

“बराबर बरं,” मामा म्हणाले, आणि माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मी तो विषय सोडला.

पण एक गोष्ट मला आणखीच कोड्यात टाकायची. घरगाडीत कोणी काही हलवत नव्हतं, तरी दर खेपेला दांडीवरचं वजन थोडं कमी भरायचं. मी म्हणायचे, अडत्याचा काटा आहे मामा, तो शेतकऱ्याच्या मालाला कमीच दाखवणार. या विषयावर मी बराच वेळ बोलू शकते. मामा ऐकून घ्यायचे आणि मागची एखादी वस्तू उचलून पुढे न्यायचे. एकदा गॅस पुढे नेला. एकदा पाण्याचा कॅन. मग भांड्यांची पेटी. आकडा जागेवर यायचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा घसरायचा. “समोरून हलकी होऊन राह्यली गाडी,” एवढंच ते म्हणायचे आणि हात पुसायचे. पोळ्यानंतर सोयाबीन बाजारात आलं, अडत्याने काटा द्यायचं बंद केलं आणि मोजणं थांबलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही नागपूरला निघालो. जीप रफिकभाईंची, पण स्टेअरिंग मामांकडे. एसटी सोडल्यापासून मामांनी स्टेअरिंगला हात लावला नव्हता, आणि ते हातात असताना दुसऱ्याला देणं त्यांच्या रक्तातच नाही. रफिकभाई स्वतःच्या जीपमध्ये पाहुण्यासारखे शेजारी बसले. मागे मी, माझी आई आणि वस्तीतल्या चार बाया. घरगाडीत बाई एकट्या, उशाशी खिडकी, डोकं पुढच्या भिंतीकडे.

बाजार सोडून गाडीने वेग धरला आणि उतारावर मागून एक हिसका बसला. मग दुसरा. आरशात घरगाडी डावीकडे जायची, मग उजवीकडे, म्हशीने माशा हाकलाव्या तशी. बाया ओरडल्या. मामांनी ब्रेकला पाय लावला नाही, फक्त वेग सोडला, आणि बऱ्याच अंतराने गाडी एका पत्र्याच्या शेडजवळ थांबवली. तिथे रस्त्यालगत एक व्यापारी सोयाबीन घेत होता. पोती घेऊन आलेले लोक आमच्याकडे बघायला लागले.

मामा आधी बाईंना पाहून आले. बाई म्हणाल्या, झोका बरा होता. मग मामांनी घरगाडीचं मागचं दार उघडलं. सकाळी ते अंघोळीला गेले होते तेवढ्यात बायांनी पाच घरचं सामान भरलं होतं. पिठाचे डबे, गोधड्या, पातेली, चपलांची पिशवी. सगळं मागे, दाराला टेकून, एकावर एक. पुढे फोटोखाली, कोपऱ्यातली पेटी, गॅस आणि कॅन सोडले तर, सारवल्यासारखी मोकळी जागा.

“हे सारं मांगं काहून ठेवलं?” मामांनी विचारलं.

माझी आई खाली उतरली. “मंग कुठं ठेवाव, भाऊ? बाबासाहेबासमोर चपला ठेवू का?”

मामा म्हणाले, समोर ठेवा, गाडी वाचेल. आई म्हणाली, गाडीसाठी मी इज्जत सोडणार नाही. बाकीच्या बाया तिच्या बाजूने. रफिकभाईंनी हळूच सुचवलं की फोटोच मांगे लेके जाते हैं, तर सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते टायर तपासायला निघून गेले. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाबासाहेबांनी आपल्याला फोटोपुढे जागा मोकळी सोडायला नाही, डोकं वापरायला सांगितलं. विवेकावर बोलले, विज्ञानावर बोलले. सोयाबीनवाले दोन शेतकरी जवळ येऊन ऐकायला लागले. आई म्हणाली, “झालं तुह्यं? पिशवी धर.” आणि चपलांची पिशवी माझ्या हातात दिली.

तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला. आवाज बारीक झाला होता, मी पहिल्यांदाच लक्ष दिलं.

“बाया हो, बाबासाहेबाले डोलत्या गाडीत बसवता काहून?”

आईने थोडा विचार केला आणि तिसराच मार्ग काढला. सामान फोटोसमोर नाही, मागेही नाही. सगळंच्या सगळं जीपमध्ये आलं, आम्हा सहा जणींच्या मांडीवर. माझ्याकडे पीठ आलं.

आता घरगाडीत काहीच बदल उरला नव्हता. पोळ्याआधी मामांनी लावून ठेवली होती तशीच ती झाली होती. तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी व्यापाऱ्याचा काटा मागितला. व्यापाऱ्याने विचारलं, काय मोजायचं? मामा म्हणाले, दांडी. व्यापाऱ्याने तिचा भाव विचारला, लोक हसले, पण काटा मिळाला. जॅक, ठोकळा, सगळं झालं. मामांनी आकडा पाहिला. जॅक पुन्हा उचलला, पुन्हा सोडला, पुन्हा पाहिला.

बराच कमी होता.

मी नेहमीप्रमाणे म्हटलं, काट्यात खोट असणार, यांचा धंदाच तो. व्यापारी चिडला. मामांनी मला हाताने थांबवलं.

“काटा बराबर हाये, पोरी. अडत्याचाबी बराबर होता.”

मी घरगाडीकडे पाहिलं. कॅन पुढे, गॅस पुढे, पेटी पुढे. जे पुढे नेता येईल ते सगळं मामांनी कधीच पुढे नेलं होतं. कमी होण्यासारखं त्या खोलीत एकच होतं, ते बाजेवर गोधडीखाली पडलेलं होतं, आणि गोधडी जवळजवळ सपाट दिसत होती. महिनेच्या महिने मी काट्याला शिव्या घालत होते आणि मामा दर खेपेला तो आकडा वाचून गुपचूप कॅन सरकवत होते.

“आता काय सरकवायचं?” मी विचारलं.

मामांनी खिशातून किल्ली काढली आणि रफिकभाईंच्या हातात ठेवली. रफिकभाई किल्लीकडे पाहत राहिले, जीप त्यांचीच असून. “चाळीसच्या वर नेऊ नको,” मामा म्हणाले, मागच्या दाराने आत चढले, बाजेला वळसा घालून पार पुढे गेले आणि बाईंच्या उशाशी पेटीवर बसले.

काटा अजून दांडीखालीच होता. आकडा वर चढला. हवा होता तिथे पोचला आणि न थांबता आणखी पुढे गेला.

“मामा, जास्त होऊन राह्यलं,” मी खिडकीतून म्हटलं. “जीपचं नाक वर होईल. तुम्हीच तर सांगता.”

“होऊ दे,” मामा म्हणाले.

आत बाईंनी डोळे उघडले नाहीत. पण गाडी पुढे वाकली ते त्यांना कळलं होतं.

“देवऱ्याच हाये ना? लय जड रे तू. पयल्यापासून.”

“हो बाई.”

नागपूरपर्यंत जीपचं नाक जरा वरच होतं. रफिकभाई बैलगाडीसारखी जीप चालवत होते आणि पिठाच्या डब्याने माझ्या मांड्या बधिर झाल्या होत्या. मी मधून मधून मागे वळून पाहत होते. मागची गाडी मात्र डोलली नाही.