दत्तारामची तारीख

सावंत सिस्टरच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. न्हाणीघरालासुद्धा नाही. मनोरुग्णांच्या इस्पितळात नर्स म्हणून उभी हयात काढलेल्या या बाईंच्या मते आतली कडी म्हणजे धोका. म्हणून आंघोळ करणाऱ्याने मोठ्याने गायचं. गाणं थांबलं की सिस्टर दार ढकलणार. मला शाळेतल्या प्रार्थनेपलीकडे काही येत नव्हतं, त्यामुळे मुलुंडच्या त्या चाळीत माझी फार देवभक्त अशी ख्याती झाली.

गिरण्यांचा संप मोडत होता त्या सुमारास मी बी.ए. होऊन अंधेरीला नोकरीला लागलो. आमच्या घरातला पहिलाच शिकलेला. मुंबईत ओळख ना पाळख. सिस्टरनी खाट दिली, जेवू घातलं. माझ्या पदवीचा अभिमान माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त. "अरे ग्रॅज्युएट, पिशवी घे. भाजी आणायचीय."

रिटायर झाल्या तरी त्यांचा एक पेशंट सुटला नव्हता. दत्ताराम. भ्रमिष्ट अवस्थेत त्याने बेकरीतून पावाची लादी उचलली आणि पोलिसांनी त्याला धरला. माणूस भानावर नसेल तर खटला चालत नाही, म्हणून कोर्टाने त्याला इस्पितळात पाठवलं. तिथे गोळ्यांनी तो बरा झाला. बरा झाला म्हणून त्याला खटल्यासाठी तुरुंगात आणलं. तुरुंगात गोळ्या देणारं कोणी नाही. तारीख येईपर्यंत तो पुन्हा भिंतीशी बोलू लागला. की परत इस्पितळ. अशी कित्येक वर्षं गेली. एका पावाच्या लादीपायी!

"धुतलेला कपडा परत चिखलात वाळत घालतात रे मेले!" सिस्टर ओरडायच्या. हे ऐकलं की मीही चिडायचो. चार पुस्तकं शिकून मोठ्या पदावर बसलेल्या इतक्या माणसांना एवढी साधी गोष्ट दिसू नये?

प्रत्येक तारखेला सिस्टर इस्त्रीचं पातळ नेसून, दत्तारामसाठी डबा घेऊन कोर्टात हजर. एकदा मी रजा काढून बरोबर गेलो. दत्ताराम व्हरांड्यात हवालदाराशेजारी बसला होता, बोटांनी हवेत काहीतरी लिहीत.

सरकारी वकील हसून म्हणाले, "सिस्टर, उगाच त्रास करून घेता. सगळं कायद्याप्रमाणेच चाललंय."

"कायदा तरी भानावर आहे ना तुमचा? मग त्यालाच उभा करा पिंजऱ्यात!"

पुकारा होताच सिस्टर सरळ न्यायाधीशांपुढे गेल्या. "साहेब, यावेळी हा बरा झाला की इस्पितळातून थेट इथे आणा. मधे तुरुंग नको. एवढंच मागते."

"तुम्ही कोण याच्या?"

"कोण नाय. कोण असतं तर त्याने आधीच सोडवला नसता?"

वकिलांनी हसू दाबलं. साहेबांनी मात्र चष्मा काढला, दत्तारामकडे जरा वेळ पाहिलं आणि तसा हुकूम दिला.

पुढच्या तारखेला दत्ताराम दाढी करून, बटणं नीट लावून उभा होता. "घेतली होती साहेब लादी. भूक होती." खटला तेवढाच. झाली असती त्याहून जास्त शिक्षा त्याने आधीच भोगली होती. साहेबांनी त्याला सोडून दिलं.

कांजूरमार्गला त्याचा भाऊ राहतो, हे मधल्या काळात सिस्टरनीच शोधून काढलं होतं. तो न्यायला आला होता. सिस्टरनी त्याला दम भरला. "गोळी रात्री जेवल्यावर. बरा दिसतो म्हणून बंद केलीस तर कांजूरला येऊन कान उपटीन!" भावाने घाबरून दोनदा मान डोलावली.

फाटकापाशी दत्ताराम वळला. "सिस्टर, पुढच्या तारखेला भजी आणा हां."

"आणीन हां," सिस्टर म्हणाल्या.

दोघं दिसेनासे झाले, तरी त्या तिथेच उभ्या. "चला सिस्टर," मी म्हटलं, "सुटलात एकदाच्या."

"कुठे जाऊ रे? तू ऑफिसला जाशील."

मग त्या व्हरांड्यातल्या हवालदाराकडे गेल्या. त्यांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "भाऊ, आत तुरुंगात अजून असा कोण आहे का, ज्याला भेटायला कोणीच येत नाय?"

"बक्कळ आहेत, बाई."

"मग एकाचं नाव सांग. आणि त्याला खायला काय आवडतं, तेवढं विचारून ठेव."